नकाशात नसलेला बॅरल

मित्रांनो, मला टेकून उभे राहू नका. माझ्या बुडाला चीर गेली आहे आणि अंगात आता पहिली ताकद उरलेली नाही. मी एक जुना निळा बॅरल आहे. एके काळी माझ्यात दोनशे लिटर पाणी मावायचं. आता निम्म्यावर भरलं की खालून ओल येते आणि बोल मलाच लागतात.

माझा जन्म कुठं झाला ते आठवत नाही. आठवतं ते चिंचोळी एमआयडीसीपासूनचं. तिथल्या एका कारखान्यात माझ्यात साबणाचं पाणी असायचं. ते संपलं आणि मला भंगारात काढलं. तिथंच कामाला असलेल्या नवनाथनं मला टेम्पोत घालून घरी आणलं. त्याच्या बायकोनं, चांगुणानं, मला राखेनं तीनदा घासलं, आत डोकं घालून वास घेतला आणि मगच वापराचं पाणी भरलं.

सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत माझा थाट काय सांगू! आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी येतं आणि आलं की सगळी गल्ली पाइप घेऊन धावते. ज्याच्या दारात भरलेला बॅरल, तो निवांत. चांगुणा माझ्यावर ताट झाकून शेजारणीला सांगायची, "ह्यो हाय म्हणून आमी हाव." नवनाथ वारला तेव्हा आलेल्यांनी हातपाय माझ्याच पाण्यानं धुतले. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

त्यांचा मुलगा दिपक शिकला, विमा कंपनीत साहेब झाला. मनालीशी लग्न झाल्यावर त्यानं जुळे सोलापुरात घर बांधायला काढलं. पुण्याहून उत्कर्षा नावाच्या आर्किटेक्ट बाई आल्या. घराला किती खर्च येणार ते ऐकून गल्लीनं तोंडात बोटं घातली. दिपक म्हणायचा, "आईनं जन्मभर पाणी वाहिलं. आता तिनं नुसतं बसायचं." हेतू सोन्यासारखा होता. सगळे तिकडं राहायला गेले, मी मात्र मागेच राहिलो. नव्या घरात जुनं प्लास्टिक कशाला?

महिना झाला नाही तोच मला न्यायला टेम्पो आला.

खोटं कशाला बोलू, घर देखणं होतं. भर उन्हाळ्यात आत गार वाटायचं, भिंतीतल्या जाळीतून वारा खेळायचा. मधोमध छोटंसं तळं होतं. बैठक दोन पायऱ्या खाली, स्वयंपाकघर तीन पायऱ्या वर. पण नळाला पाणी तिथंही चौथ्या-पाचव्या दिवशीच यायचं; टाकी जेमतेम एका दिवसाची, आणि त्यातलं बरंचसं तळंच पिऊन टाकायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मला ठेवायला कुठंच जागा नव्हती, म्हणून मागं दगडी भिंतीच्या आडोशाला उन्हात उभं केलं. तिथं बादली भरायची, घराला वळसा घालायचा, तीन पायऱ्या चढायच्या. दिपक आणि मनाली दिवसभर कामावर. मग बादली कोण उचलणार? चांगुणाच.

एक दिवस त्या पायरीवरून ती घसरली. हाड वाचलं, पण गुडघा सुजला. संध्याकाळी ती म्हणाली, "दिपक, मी रविवारी जुन्या घरला जाती. हितं माझा जीव लागंना."

"एकटी राहणार? अगं, घर तुझ्यासाठीच बांधलंय की!"

"माझ्यासाटी बांधलंय, तर मी बसू कुटं ते सांग की."

दिपक ताटावरून उठून गेला. मला त्याचाही राग येईना.

शनिवारी उत्कर्षाबाई फोटोवाल्याला घेऊन आल्या. घराचे फोटो मासिकात छापून येणार होते. मनालीनं घाईघाईनं चादर आणून मला झाकलं. मग दिपक हळूच म्हणाला, "आई, तासभर मागं बसतीस का?" चांगुणा उठली. माझ्याशेजारी एका विटेवर येऊन बसली. मित्रांनो, इतकं वाईट मला भंगारात पडलो होतो तेव्हाही वाटलं नव्हतं. मी तर वस्तू. मला झाकलं तर झाकलं.

फोटोवाल्याला नेमकी दगडी भिंतच हवी होती. बाई वळसा घालून आल्या तर समोर चांगुणा. त्यांनी चादर उचलली.

"हे काय?"

"पाणी," चांगुणा म्हणाली. "पाच दिसाचं. दुसरं कुटं ठिवू?"

बाई दिपककडं वळल्या. "घरात कोण कसं राहतं, काय काय लागतं, ते मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पाणी भरपूर आहे, आईंना पायऱ्या चालतात, असं तुम्हीच लिहून दिलंत ना?"

दिपकनं मान खाली घातली. "लाज वाटली ओ मॅडम. तुम्ही एवढ्या पुण्याहून आलेल्या. तुमच्यापुढं बॅरल काय सांगायचे आणि आईचे गुडघे काय सांगायचे?"

बाईंनी घर अगदी सांगितल्यासारखं बांधलं होतं. फक्त दिपकनं सांगितलेली माणसं त्यात राहायला आलीच नव्हती.

"मला कुनी इचारलंच न्हाय की," चांगुणा म्हणाली.  बाईंनी फोटोवाल्याला परत पाठवलं आणि वही काढून तिच्याजवळ खाली बसल्या. तळ्याच्या जागी मोठी टाकी आणि पायऱ्यांच्या जागी उतार करायचा, असं ठरलं.

चांगुणा तरीही रविवारी निघालीच. "आदी करा, मग बोलवा," म्हणाली आणि मला बरोबर घेऊन आली.

आता पाण्याच्या दिवशी दिपक ऑफिसला उशिरा जातो. पँट दुमडून पाइप धरतो, बादल्या आत नेतो. परवा शेजाऱ्यानं डिवचलं, "काय साहेब, एवढा बंगला सोडून हितं?" पूर्वीचा दिपक असता तर "सहज आलो" म्हणाला असता. आता तो म्हणाला, "आईचं पाणी भरायला आलोय. तिच्या गुडघ्याला बंगला सोसला नाही." आत भाकरी थापणाऱ्या चांगुणानं त्याच्यासाठी आणखी एक भाकरी तव्यावर टाकली. टाकी झाली की ती नव्या घरी परत जाईल, असं मला वाटतं.

तेव्हा मित्रांनो, मोठे झाल्यावर आर्किटेक्टकडून भारी घर जरूर बांधून घ्या. पण ते दाखवायला घरातलं एखादं माणूस मागं बसवावं लागलं, तर समजा की घर अजून बांधून झालेलंच नाही.