चितेवरून उतरवलेली ताडपत्री

मी ताडपत्री बोलतेय, पारूच्या दारातल्या कुडावर टाकलेली. पाऊस लागून राहिलाय. पागोळ्या माझ्या अंगावर पडतायत आणि पलीकडे, मातीच्या भिंतीआड, एक तान्ही पोर खोकतेय. तिच्या अंथरुणावर गळतंय. पाणी अडवणं हे माझं एकच काम, आणि मी बाहेर भिजत पडलेय. घरातलं कुणी माझं ऐकत नाही, तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझ्यासारख्या निळ्या ताडपत्र्यांचा तिथे ढीग होता. खरं आयुष्य सुरू झालं किन्हवलीच्या बाजारात. पारूच्या नवऱ्यानं, धाकलूनं, मला दुकानाबाहेर उलगडलं, उजेडासमोर धरलं, कडेच्या कड्या ओढून पाहिल्या आणि चक्क माझा वास घेतला. दुकानदार हसायला लागला.

"हसतो काय," धाकलू म्हणाला, "गोदामात उंदीर मुतले असले तं भाताला वास लागंल."

मला राग आला. पण बस डोळखांबच्या वळणांना लागली तेव्हा त्याच्या मांडीवर घडी होऊन बसले होते, आणि माणूस चोखंदळ आहे याचं बरंच वाटत होतं.

दिवाळीच्या सुमाराला त्यानं मला खळ्यात अंथरलं आणि माझ्यावर भात झोडलं. भात घरात गेलं की पाडा रिकामा व्हायचा. नवरा-बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, सोबत मीही. तिथे धाकलू आमची खोप उभी करायचा. बांबूचे चार खांब, कारवीचा कूड, त्यावर शेणमाती, वर पेंढा आणि पेंढ्यावर मी. बाकीचे ताडपत्री नुसती बांबूवर ताणायचे आणि पहाटे आतून ठिबकतंय म्हणून तिलाच शिव्या द्यायचे. धाकलू मला नेहमी पेंढ्याची गादी द्यायचा. एवढा मान मला पुढे कुणी दिला नाही.

यंदा माकडांनी त्यांच्या घराची कौलं फोडली. नवी कौलं घालायच्या आत पाऊस आला, आणि मी पडवीच्या छपरावर गेले. त्या पडवीत मुलगी वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. धाकलूला नातीचं असं वेड लागलं की वारा जरा सुटला तरी तो म्हातारा छपरावर चढून माझ्यावरचे दगड नीट करायचा. पारू खालून ओरडायची, "उतरा खाली. पोरीला आजा पायजे, छपरावरचा माकड नाय पायजे." तो वरूनच हसायचा. ते दिवस माझे सर्वांत सुखाचे.

श्रावणात धाकलूला ताप आला. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली होता, गाडी पाड्यापर्यंत येत नव्हती आणि डोलीत घालून न्यावं तर ओढा कुणाला उतरू देत नव्हता. ताप उतरलाच नाही. एका सकाळी पारूनं पेज भरवायला हाक मारली, तर तो गेलेला होता.

आता माणसं कशी असतात ते सांगते. मयत झाली की आमच्या पाड्यात प्रत्येक घरातून लाकूड येतं. कुणाला मागावं लागत नाही. त्या दिवशीही आलं, चुलीवरच्या माळ्यावर जपलेलं सुकं लाकूड, डोक्यावर इरलं धरून आणलेलं. पण मसण म्हणजे ओढ्याकाठचा उघडा माळ. पाऊस तर थांबायचं नाव घेत नव्हता. चितेवर मांडव घालायचा तर ताडपत्री हवी, आणि ताडपत्री कुणी देईना. दुष्टपणा नव्हता त्यात. मसणात नेलेली वस्तू पुन्हा घरात येत नाही, हा इथला रिवाज. प्रत्येकाकडे एकच ताडपत्री, तीही गळक्या छपरावर. जी दिली ती गेली.

धाकलूचा पुतण्या अनंता अंगणात येऊन उभा राहिला. धाकलूचा मुलगा भिवंडीला कामाला, ओढ्यामुळे तो पोचू शकत नव्हता, म्हणून अग्नी अनंतालाच द्यायचा होता.

"काकी, पुरायचं म्हटलं तं खड्डा पाण्यानं भरतोय. जाळायचं तं मांडव पायजे."

पारूनं छपराकडे पाहिलं. मला कळलं, आणि माझं काळीज लकलकलं. म्हणजे ताडपत्रीला काळीज असेल तर.

"आमचीच काढा," ती म्हणाली.

"आये, नि बाळ?" वैष्णवी आतून म्हणाली.

"आजचा दिस काढू गो. उद्या उघडंल पाऊस."

पाऊस उघडेल असं तिला खरंच वाटत होतं. नवऱ्याला भिजत ठेवणं तिला होणार नव्हतं. तिला मी दोष देत नाही. पण दगड बाजूला करून मला खाली ओढलं, तेव्हा पडवीत पहिला थेंब पडलेला मी ऐकला.

ओढ्याकाठी पुरुषांनी ऐनाच्या ओल्या मेढी रोवल्या, ओल्याच, म्हणजे त्यांना आग धरू नये. वर बांबू टाकले, रानवेलींनी आवळले. धूर जावा म्हणून एक बाजू उंच ठेवली. मग अनंतानं सागाची मोठाली हिरवी पानं दाटीनं पसरली आणि त्या पानांवर मला ताणलं. काका माझ्याखाली पेंढा घालायचा, ते त्याच्या ध्यानात होतं.

मी पाणी अडवलं. खाली चिता पेटली. आधी धूर, मग धग. सागाची पानं सुकली, आक्रसली, एकेक करून जळत खाली गेली आणि माझ्या मधोमध भोक पडलं. मी ओरडले असते तरी कुणाला ऐकू आलं नसतं. ज्यानं मला कधी दगडाचा ओरखडा येऊ दिला नाही, तो माझ्याखाली जळत होता. ओल्या लाकडासारखा धुमसत राहिला नाही, नीट जळला. मी तिथून हलले नाही, एवढंच मला करता आलं.

सगळ्यांनी ओढ्यात अंघोळी केल्या आणि निघून गेले. मसणातून निघताना मागे वळून पाहायचं नसतं. म्हणून माझ्याकडेही कुणी पाहिलं नाही.

पाऊस उघडला नाही. राख सावडायला आलेली माणसं आपसांत बोलत होती, त्यातून मला घरचं कळलं. पडवीवर खताच्या पिशव्या टाकल्यात, वारा त्या उडवतो. बाळंतिणीची बाज या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवतात. सोयर आणि सुतक एकाच घरात, म्हणून दुसरं कुणी तिला आपल्याकडे घेत नाही. पोर खोकते.

आणि मग पारू आली, एकटी. बायका तिथे येत नाहीत. तिनं वेलींच्या गाठी दातांनी सोडल्या, मला ओढ्याच्या पाण्यात आपटून धुतलं, गोमूत्र शिंपडलं आणि डोक्यावर घेतलं. माझ्या भोकातून पाणी तिच्या पाठीवर गळत होतं. पाड्याच्या तोंडाशी अनंता आडवा आला.

"काकी, ती घरात नेऊ नको. बाळंतीण हाय."

"बाळंतीण हाय म्हणूनच नेते," पारू म्हणाली आणि चालत राहिली. मी मनात म्हटलं, आता सुटले.

पण दारात वैष्णवी उभी होती, पदराखाली पोर.

"आये, नको. बाबांवरची हाय ती."

"धुतली मी."

"बाबांचा लय जीव होता या पोरीवर. त्या ताडपत्रीतून त्यांनी हिला हाक मारली तं?"

 पाड्यापुढे पारू थांबली नव्हती, लेकीपुढे थांबली. तिनं मला कुडावर टाकलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. तेव्हापासून मी इथे आहे. कालपर्यंत पोर खोकून रडायची. आज रडायचं बळ नाही, नुसती खोकते. साकव अजून पाण्याखाली आहे.

वैष्णवी, मसणात मी होते, तू नव्हतीस. म्हणून मला विचार. तुझा बाप माझ्याखाली एक शब्द बोलला नाही. त्यानं कुणाला हाक मारली नाही. त्याची राख ओढ्यानं नेली, माझ्यात त्याचं काही उरलेलं नाही. त्याला कळलं असतं की त्याची ताडपत्री दारात आहे आणि नात भिजतेय, तर तोच पहिला छपरावर चढला असता.

तरीही भीती वाटत असेल तर कोयता घे. जळका भाग सगळा कापून ओढ्यात फेक, मला काही म्हणायचं नाही. उंच बाजूची कड आगीपासून लांब होती. ती अजून धड आहे. तेवढ्या पट्ट्याखाली एक बाळ मावतं.