वेशीवरची एडना

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गावच्या वेशीत फ्लेक्स लागला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘कै. राहीबाई आसाराम गरड’, आणि मधे पांढऱ्या केसांची, निळी शाल पांघरलेली एक गोरीपान विलायती म्हातारी.

पंकजा पोचली तेव्हा तिचा धाकटा भाऊ अमृत फ्लेक्सवाल्या कानिफनाथावर खेकसत होता.

“आमची आई आशी हुती व्हय रं?”

“तूच म्हनला, आईच्या डीपीवरनं फोटू घे. मला वाटलं, म्हातारीनं फिल्टर लावलाय.”

इतक्या दिवसांत पंकजाला पहिल्यांदा हसू आलं, आणि ते आवरायला तिला पदर तोंडाशी न्यावा लागला. फोटोतली बाई एडना विन्स्लेड होती. इंग्लंडची नटी; ऐंशी ओलांडलेली आणि चांगली धडधाकट.

आईला ती भेटली गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, पंकजाच्या पुण्याच्या घरी, टीव्हीवर. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण हिंदी आवाज लावू द्यायची नाही. “दुसऱ्याच बाईचा आवाज तिच्या तोंडात कशाला घालायचा?” गावी परतल्यावर मोबाईलवर एडना सुरू झाली आणि डीपीतही तीच बसली.

तशी एडना फारसं काही करायची नाही. समोरचा बोलत असला की ऐकायची. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर उत्तर उमटायचं, ओठांपर्यंत यायचं, आणि ती ते गिळून साधंसंच काहीतरी बोलायची. बशीत कप ठेवल्याच्या आवाजावरून कळायचं, बाई दुखावलीय. मानेच्या सुरकुत्या लपवायची नाही, उजेडात बसायची. पंकजाने जन्मभर पुस्तकं वाचली, नाटकं पाहिली. पण एडनाबद्दल आईइतकं नेमकं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, “ही खोटं रडत न्हाई. आन् खरं रडू आलं की पाठ फिरवती.”

“दुसरा फोटू द्या,” कानिफनाथ म्हणाला, “सांजच्याला लावतो.”

पण दुसरा होता कुठे? कॅमेरा दिसला की आई खांबासारखी ताठ व्हायची. लग्नाकार्यातल्या फोटोंत ती कुणाच्या तरी खांद्यामागे होती, आधार कार्डावर कुणी रागावलेली परकी बाई. अमृत म्हणाला, आधारचाच देऊ. पंकजा ‘नको’ म्हणाली. उद्या तो चेहरा फ्रेममध्ये जाईल, भिंतीवर चढेल, आणि वर्षा-दोन वर्षांत आई म्हटलं की तिला स्वतःलाही तोच आठवेल.

शेजारची रुपाली मागे उभी होती. “ताई, माझ्याकडं एक व्हिडिओ हाय. मावशी पिच्चर सांगायच्या ना आमाला.”

पंकजाला हे ठाऊकच नव्हतं. कांदा साठवायच्या चाळीत बाया निवडायला बसल्या की आई त्यांना एडनाचे सिनेमे सांगायची. रुपालीच्या मोबाईलवर आई गोणीवर बसली होती, हात मांडीवर.

“ल्योक म्हनतो, घर इकू. एडना काय म्हनती? काईच न्हाई. च्या वतती. मंग म्हनती, इक बाबा. पर मी ह्या खुर्चीत बसलेली हाय. खुर्चीसंगं मला बी इक!”

बाया खिदळल्या. पंकजाने तो सिनेमा आईशेजारी बसून पाहिला होता. त्यात एडना एवढंच म्हणते, ‘चहा निवतोय.’ पण तिचा चेहरा म्हणतो ते आई सांगत होती तेच. कुठली कोण ती बाई. शब्दांवाचून इथल्या कांद्याच्या चाळीपर्यंत येऊन पोचली होती.

पुढच्या गोष्टीला आईने एक हात वर केला, तसा पंकजाने व्हिडिओ थांबवला. “हा फोटो.”

“ताई, पदर घसरलाय,” अमृत म्हणाला. “ तोंड उघडं हाय, दात पडलेला दिसतोय. भावकीत आबासाहेबकाका काय म्हनतील?”

“म्हणू देत. ती बोलतेय, अमृत. बघ तरी.”

अमृतने बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग मोबाईल कानिफनाथाच्या हातात दिला आणि मोटरसायकलकडे गेला.

संध्याकाळी नवा फ्लेक्स लागला. रानातून परतणाऱ्या बाया डोक्यावरचे भारे घेऊन तशाच खाली थांबल्या.

“काय म्हनतीया गं राहीमावशी?”

“ते खुर्चीचं.”

“छट! खुर्चीच्या टायमाला हात खाली हुता. ही इमानतळावरची गोष्ट. एडनाची बहीन तिला वळखत न्हाई, ती.”

“विमानतळावरची?” पंकजाने विचारलं. “ती मला नाही सांगितली आईने. काय होतं त्यात?”

बाईने डोक्यावरचा भारा खाली टाकला आणि वेशीच्या दगडावरची धूळ पदराने झटकली.

“बसा ताई. उभ्यानं सांगायची न्हाई ती.”