कोरं फडकं

शेवंतीने घडी घातलेलं फडकं पदराआडून काढलं आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर पसरलं. चार पदरी, कडेला दोन नाड्या. कारखान्यात तिचा नवरा लवू ते नाकातोंडाला बांधायचा.

"सायबानू, बघा. ह्याच्यार डाग नाय."

विद्याधरने पाहिलं. मुलुंडच्या या रंगाच्या कारखान्यात तो दोन वर्षं केमिस्ट होता. लवूला जाऊन तेरा दिवस झाले होते. आम्लाच्या टाकीची झडप गळू लागली, तपकिरी वाफ पसरली, आणि लवू फडकं बांधून आत शिरला. झडप बंद करून हसत घरी गेला, जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत पाणी भरून संपला. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं.

"सासू म्हणता, मी रांदलेले बांगडे शिळे होते," शेवंती म्हणाली. "चाळीतले पण तसाच म्हणतत. मी म्हटलंय, कारखान्यात कायतरी झाला असतला. पण ह्या फडका रोज हळदीसारखा पिवळा होऊन येय. त्या दिवशी पांढराच. म्हणजे हयसरला, कारखान्यातला काय पोटात गेला नाय, ना?"

विद्याधरने फडक्याची एक कड बोटाने सरळ केली. रंग दळण्याच्या खात्यात त्यानेच कामगारांना उभं करून असंच एक फडकं दाखवलं होतं. पिवळी भुकटी झटकून म्हणाला होता, "हवेत जे काही असेल, ते इथं अडकतं." धूळ वेगळी, वायू वेगळा, हे सांगायला पाच मिनिटं जास्त लागली असती. जेवणाची सुट्टी झाली होती.

"बसा, शेवंतीबाई."

ती बसली नाही.

"धूळ हवेत तरंगते. तिचे कण असतात, ते कापडात अडकतात. वायूचं तसं नाही. तो हवेत हवाच होऊन मिसळतो. जिथून श्वास जाईल, तिथून तोही जातो. चार पदर काय, चाळीस असते तरी गेला असता. आणि डाग पडत नाही. लवू त्या वायूनं गेला. तुमच्या जेवणानं नाही."

शेजारच्या खोलीत मॅनेजरची खुर्ची करकरली. विद्याधरने आवाज खाली आणला नाही.

"त्याला मीच चुकीचं शिकवलं होतं."

शेवंती डोळे पुसत म्हणाली, "माका बरा वाटाक म्हणून सांगतास तुमी."

"नाही हो, खरंच—"

"तेंनी घरी बांधून दाखवल्यानी माका. म्हणाले, सायब शिकलेले आसत, ह्याच्यातसून कायच जायत नाय." तिने हात जोडले. "माज्यासाठी तुमी सवताक दोष लावून घेतलास. उपकार झाले."

"मी घरी येतो. तुमच्या सासूबाईंना सांगतो."

"नको, सायबानू. तुमची नोकरी आसा."

तो टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगू लागला. आधी धूळ, मग वायू. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, बोलणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी.