सुमितची सुटसुटीत पत्रिका

कुंभार पिंपळगावच्या बाजारगल्लीत अप्पारावांचा छापखाना आहे. छापखाना म्हणायचं ते सवयीनं. आता तिथं एक कंप्युटर, एक प्रिंटर आणि कागद कापायचं मशीन एवढंच उरलंय. तरी आजूबाजूच्या गावांतल्या लग्नाच्या पत्रिका अजून तिथूनच निघतात, कारण कोणत्या घरात कुणाचं नाव कुणाच्या वर लागतं आणि कुणाचं कुणाशेजारी लावलं की डोकी फुटतात, हे अप्पारावांना माहीत असतं.

अप्पाराव शाळेत कधी गेले नाहीत. तिशी उलटल्यावर परतूरच्या एका प्रेसमध्ये मशीन पुसायला लागले, आणि छापून झालेले शिशाचे खिळे आपापल्या खणात परत टाकता टाकता अक्षरं शिकले. कोणतं अक्षर कोणत्या खणात, हे हाताला आधी कळलं, डोळ्यांना मागून. कंप्युटर आला तेव्हाही त्यांनी तीच रीत धरली. पडद्यावर डाव्या बाजूला कच्च्या पत्रिका. मधे गिऱ्हाइकाला दाखवलेल्या. उजव्या कोपऱ्यात, खाली, पक्क्या झालेल्या. गिऱ्हाईक ‘हां, बराबर’ म्हणालं की अप्पाराव फाईल माऊसनं धरून त्या कोपऱ्यात ओढून ठेवत. फाईलला नाव काय दिलंय, हे ते बघतच नसत.

कंप्युटरमध्ये लिनक्स होतं. आधीच्या विंडोजला व्हायरस लागून एका लग्नसराईचं सगळं काम बुडालं, तेव्हा त्यांच्या भाचीनं हे बसवून दिलं. भाची प्रिया आष्टीच्या शाळेत शिकवते. “फुकट हाये मामा, आन् व्हायरस बिलकुल न्हाई,” ती म्हणाली होती. आणि खरंच, कित्येक वर्षं कंप्युटर नीट चालला.

मग एका सकाळी अपडेट झालं आणि पडदा कोरा झाला. एक डोंगर, एक तळं, बाकी काही नाही. डावीकडचं नाही, मधलं नाही, कोपऱ्यातलं नाही. फायली कुठं गेल्या नव्हत्या. आत एका फोल्डरमध्ये होत्या. पण तिथं त्या नावाच्या अनुक्रमानं एकीखाली एक लागल्या होत्या, कच्ची आणि पक्की खेटून.

त्याच दिवशी कडूबाच्या नातीची पत्रिका छापायची होती.

कडूबा म्हणजे अप्पारावांचा लहानपणापासूनचा सोबती. रोजचा चहा छापखान्याच्या बाकड्यावर. त्याच्या नातीच्या पत्रिकेचा पहिला मसुदा झाला तेव्हा त्याचा थोरला भाऊ नाना जिवंत होता, आणि त्याचं नाव ‘स्वागतोत्सुक’मध्ये पहिलं होतं. पंधरवड्यात नाना गेला. कडूबानं बाकड्यावर बसून डोळे पुसत ते नाव तिथून काढायला लावलं आणि वर, ‘कृपाशीर्वाद’मध्ये, गेलेल्या माणसांत घालायला लावलं. तो मसुदा अप्पारावांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि कोपऱ्यात ठेवला. आता कोपराच नव्हता. फोल्डरमध्ये कडूबाच्या नावाच्या दोन फायली होत्या. दोन्हींवर तोच गणपती, तीच नवरी, तोच नवरा. कडूबाचा जावई दारात मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. “जल्दी करा, वाटायला निघायचंय.” अप्पारावांनी वरची फाईल उघडली आणि छापली.

कडूबाला वाचता येत नाही. त्यानं पहिली पत्रिका नानाच्या घरी नेली, विधवा भावजयीच्या हातात दिली, आणि तिच्या नातवानं ती मोठ्यानं वाचली. मांडवाच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करायला नाना उभा राहणार, असं त्या पोरानं आजीला वाचून दाखवलं.

संध्याकाळी कडूबा आला. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. गठ्ठा बाहेरच्या पायरीवर ठेवला.

“आप्प्या, मेलेला माणूस दारात उभा केलास.”

एवढंच बोलून गेला. त्या दिवसापासून बाकड्याचं ते टोक रिकामं राहिलं. कडूबा बाजाराला यायचा तेही समोरच्या बाजूनं, मान वळवून.

अप्पारावांनी प्रियाला बोलावून घेतलं. “हे कुणी केलं?”

“कुणी म्हंजे? अपडेट हाये मामा. जगभरचे लोक मिळून बनवत्यात.”

“जगभरच्या लोकांला माझ्या कोपऱ्याचं काय घेणं? त्यांला इचार.”

प्रियानं विचारलं. हा पडदा बनवणाऱ्या लोकांची इंटरनेटवर एक जागा असते, तिथं कुणीही तक्रार लिहू शकतं. तिनं इंग्रजीत लिहिलं की माझ्या मामांचं काम यावर चालतं, पडद्यावरच्या फायली परत द्या, निदान ज्याला हव्या त्याला तरी. तिच्याआधी शेकडो लोकांनी तेच लिहिलं होतं. उत्तर एकाच माणसाचं होतं. प्रियानं ते मराठीत वाचून दाखवलं: पडद्यावर फायली मांडणं ही जुनी, वाईट सवय आहे. पडदा मोकळा असला की मन लागतं. आम्ही विचार करूनच हे काढलं आहे. थोडे दिवस जड जाईल, मग सवय होईल. आणि त्याखाली त्यानं चर्चा बंद केली होती. पुढं कुणाला लिहिताच येईना.

“नाव काय त्याचं?”

“मामा, हा आपला सुमित हाये. धर्मराजभाऊचा.”

धर्मराजाचं घर छापखान्यापासून हाकेच्या अंतरावर. पोरगा पुण्याला कंपनीत, आणि संध्याकाळी फावल्या वेळात हे जगाचं काम. मागं पेपरात फोटोसुद्धा आला होता. अप्पारावांनी तो कापून छापखान्याच्या भिंतीला लावला होता. त्या दिवशी त्यांनी तो काढला, चुरगाळला नाही, फाडला नाही. दाराखालून धूळ येते तिथं घडी करून कोंबला.

प्रियानं कुठून तरी एक जोडणी, म्हणजे वरून लावायचा छोटा प्रोग्राम, शोधून आणली आणि फायली पडद्यावर परत दिसायला लागल्या. पुढच्या अपडेटला ती जोडणी गळून पडली. पुन्हा आणली, पुन्हा पडली. दर वेळी डोंगर आणि तळं समोर आलं की अप्पारावांना नाना आठवायचा, आणि मग सुमित. राग विझायला लागला की ते बाकड्याच्या टोकाकडं बघायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर धर्मराज छापखान्यात आला, पेढ्याचा पुडा घेऊन.

“अप्पा, सुमितचं जमलं. पत्रिका तुमच्याकडंच. पण पोरगं म्हणतंय, मी स्वतः बघणार. तुम्ही त्याच्याशीच बोला बरं का, मला त्यातलं काय कळत न्हाई.”

अप्पारावांनी पेढा खाल्ला. गोड लागला.

सुमितचा फोन आला. “अप्पाकाका, नमस्कार. काका, एक सांगू का, ती आपली नेहमीची भरगच्च पत्रिका नको. निमंत्रक, स्वागतोत्सुक, आपले नम्र, किलबिल... इतके कप्पे कशाला? लोक वाचत पण नाहीत. एकच यादी करा. सुटसुटीत.”

“एकच?”

“एकच. मोकळी जागा भरपूर ठेवा.”

“आन् नावं कशी लावू रे बाबा? मानानं?”

“तुम्ही बघा ना. फक्त गर्दी दिसायला नको.”

“अनुक्रमानं लावतो मंग. अ, आ, इ. शोधायला सोपं.”

“वा काका! एकदम लॉजिकल.”

अप्पारावांनी फोन ठेवला आणि कामाला बसले. आयुष्यात इतक्या निगुतीनं त्यांनी एकही पत्रिका केली नव्हती. वर गणपती, बारीक रेषेचा. खाली नवरा-नवरी. मग मोकळी जागा. मग यादी. पहिलं नाव अच्युत, म्हणजे धर्मराजाचा तो मेहुणा, ज्याच्याशी बांधावरून थोरल्या भावाचं बोलणं बंद. त्याखाली अर्पिता, दात पडलेली पोरगी, पहिलीत. मग उषाबाई आत्या. मग गावचे सरपंच. त्यांना नावाआधी ‘माननीय’ नाही, कारण ‘मा’ लावलं असतं तर अनुक्रम बिघडला असता. मग मावशी बेबीनंदा, मग मामा भागवत, मग जावई राधेश्याम. घरच्या जावयाच्या डोक्यावर सगळं आजोळ. आणि तळाशी, सोनूबाई काकूच्या जेमतेम वर, घराण्याचे कर्ते, धर्मराजाचे थोरले बंधू, ज्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात बैल बदलत नाही ते सर्जेराव.

मसुदा त्यांनी सुमितच्या मोबाईलवर पाठवला आणि वर लिहिलं, नावं नीट वाचून घे. सुमितनं लगेच उत्तर दिलं. मस्त काका, फाँट भारी. छापा.

अप्पारावांनी ते उत्तर प्रियाला सांभाळून ठेवायला लावलं आणि मशीन चालू केलं. गठ्ठे बांधले, वर हळदीकुंकवाचं बोट लावलं. धर्मराजाची माणसं आली आणि पत्रिका घेऊन घनसावंगी, अंबड, अंकुशनगर, आष्टी अशी चहूकडं निघाली.

पहिली पत्रिका सर्जेरावांच्या घरून परत आली. नुसती आली नाही, गड्यानं आणून धर्मराजाच्या ओट्यावर टाकली, निरोपासकट: “म्हणावं, तळाचा माणूस मांडवात कशाला? तळाचा माणूस घरी बसंल.” दुपारपर्यंत जावयाचा फोन. संध्याकाळी सरपंचाचा माणूस. उषाबाई आत्यानं फोन केला तो रडायलाच, कारण तिच्यावर एक शेंबडी पोर बसवली होती. फक्त अच्युत खूश होता. तो पत्रिका खिशात घालून हॉटेलात चहा पाजत फिरत होता, आणि हे सर्जेरावांना कळत होतं.

सुमित पुण्याहून धावत आला. थेट छापखान्यात.

“काका, तुम्ही मुद्दाम केलं.”

“तू पाह्यलं. तूच म्हणला, छापा.”

“मला काय माहीत इतकं होईल! मोठे काका लग्नाला येत नाहीत म्हणतात. आई दोन दिवस जेवली नाही.”

“थोडे दिवस जड जाईल,” अप्पाराव म्हणाले. “मंग सवय होईल.”

सुमितला स्वतःचेच शब्द ओळखायला वेळ लागला. ओळखलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

“ते तुमचं होतं? तुम्ही लिहिलं होतं?”

“माझ्या भाचीनं. तू दार लावून घेतलंस.” आणि अप्पारावांनी कडूबाचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. नानाचा नातू काय वाचून बोलला, तेसुद्धा सांगितलं.

“काका, ते मी एकट्यानं नाही ठरवलं. चर्चा झाली होती. सगळ्यांना खुली होती.”

“कोणत्या भाषेत?”

सुमित चिडला. “फुकट करतो आम्ही हे. नोकरी करून, डोळे फुटेस्तोवर. पगार नाही, कुणी धन्यवाद म्हणत नाही, नुसत्या शिव्या. तुम्हाला नको होतं तर दुसरं वापरायचं!”

“तुला बी दुसरे चुलते मिळतेत का बघ.”

बोलून झालं आणि अप्पारावांच्या लक्षात आलं, पोराच्या डोळ्यांत पाणी आहे. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी वाट बघितली. वाईट काही वाटलं नाही.

“नवी छापून द्या,” सुमित शेवटी म्हणाला. “तुम्हाला माहीत आहेत सगळ्यांच्या जागा.”

“छापतो. कप्पे घालून, मानानं, बराबर. पण नुसती पत्रिका हातात देऊन भागायचं न्हाई. हरेकाच्या दारात तू सोता जायचं. अक्षता घिऊन. बसायचं, आन् ते बोलतील ते ऐकायचं. मधी बोलायचं न्हाई, समजावायचं न्हाई. बोलणं त्यांनी थांबवलं की थांबंल. तू थांबवायचं न्हाई.”

“आणि?”

“आन् पहिलं दार कडूबाचं.”

सुमित गेला. अप्पाराव दारात उभे राहून बघत होते. तो कडूबाच्या बोळात वळला, बराच वेळ दिसला नाही, मग खाली मान घालून बाहेर आला आणि धर्मराजाच्या गाडीत बसला. मग रोज उन्हातान्हात गावोगाव त्याची ती गाडी लोकांना दिसत होती. अंकुशनगरला जावयाच्या ओसरीवर. आष्टीला मामाच्या दारात. सर्जेरावांनी तर त्याला पहिल्या दिवशी बाहेरच बसवून ठेवलं, पाणीसुद्धा उशिरा दिलं. कुणी ना कुणी हे छापखान्यात येऊन सांगायचं, आणि अप्पाराव प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायचे.

बाजाराच्या दिवशी कडूबा आला. उंबऱ्यापाशी थांबला, पायातल्या वहाणा काढल्या आणि आत येऊन बाकड्यावर बसला.

“पोरगं आल्तं,” तो म्हणाला. “पाया पडलं. म्हणलं, चूक माझी हाये, अप्पाकाकाची न्हाई.”

“मंग?”

“म्या म्हणलं, कळ तू फिरवली, पर कागद तर आप्प्यानंच छापला ना? वाचायचा व्हता त्यानं.”

अप्पारावांनी मान डोलावली.

“मला त्या पोराचं काय बी पटलं न्हाई,” कडूबा म्हणाला. “नाना काय त्याच्या पाया पडण्यानं परत वर जाऊन बसतो का?” मग त्यानं बंडीच्या खिशातून चुरगळलेला कागद काढला. सुटसुटीत पत्रिका. “पर हे कुणीतरी हॉटेलात वाचत व्हतं. मागून घेतलं. खरंच सर्जेराव तळाला हाये?”

“हाये.”

“आन् अच्युत्या वर?”

“सगळ्याच्या वर.”

कडूबाचे खांदे हलायला लागले. आधी अप्पारावांना वाटलं, रडतोय. मग त्याच्या तोंडातून खी खी असा आवाज निघाला, आणि खोकला, आणि परत हसू. अप्पारावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

“आप्प्या,” डोळे पुसत कडूबा म्हणाला, “कुठं आसंल आत्ता ते पोरगं?”

“आज परत सर्जेरावाकडं. ऊन डोक्यावर यायच्या आत गेलंय.”

“बसू दे.” कडूबानं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. “वाच मला सगळी. वरून खालपर्यंत. घाई करू नको. आन् जरा मोठ्यानं, धर्मराजाच्या ओट्यावर ऐकू गेलं पायजे.”

अप्पारावांनी चहावाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले, चष्मा लावला आणि पहिलं नाव वाचलं.