ठेवायला दिलेला दिवा

नऊ वाट्यांचा पितळी दिवा तुम्ही कधी पाहिला आहे का, मित्रांनो? तो मी. माझ्या आठ वाट्या एका ओळीत आहेत आणि नववी जरा उंचावर. डावीकडची दुसरी वाटी किंचित कलली आहे. येणारेजाणारे मला शोभेची वस्तू समजतात. मी शोभेची वस्तू नाही. मी एका ज्यू कुटुंबाचा हनुक्काचा दिवा आहे, आणि कित्येक वर्षे दुसऱ्याच्याच घरात राहतो आहे.

मला एका म्हाताऱ्या ओताऱ्याने घडवले. वितळलेले पितळ साच्यात ओतताना तो श्वास रोखून धरी. मी थंड झाल्यावर त्याने मला कानशीने घासले, प्रत्येक वाटीत पाणी भरून गळत नाही ना ते पाहिले आणि म्हणाला, "चल, आता पाण्याचं काम संपलं. यापुढे फक्त तेल!"

एका चष्मेवाल्याने लग्न झाल्यावर मला विकत घेतले. त्याचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. मधे फरसबंद अंगण आणि पलीकडे तशाच खोल्यांची रांग. वर्षभर मी कपाटावर धूळ खात बसे. पण थंडीत हनुक्काचा सण आला की माझा थाट काय विचारता! फार पूर्वी शत्रूने या लोकांचे मंदिर विटाळले होते. ते परत मिळाले तेव्हा एका दिवसापुरतेच शुद्ध तेल उरले होते, तरी ते आठ दिवस जळत राहिले, असे ते सांगतात. म्हणून पहिल्या संध्याकाळी एक वात, दुसऱ्या संध्याकाळी दोन, अशा वाढत वाढत आठ. वरच्या वाटीतली वात या सगळ्यांना पेटवणारी. आणि मला ठेवायचे ते खिडकीत, रस्त्यावरच्या माणसालाही उजेड दिसावा म्हणून.

एका वर्षी त्यांच्या लहान मुलीने हौसेने मला उचलले आणि धाडकन पाडले. तेव्हापासून ती वाटी कलली. पोरीने भोकाड पसरले. तिची आई हसून म्हणाली, "रडतेस काय? आता हजार दिव्यांत आपला दिवा ओळखू येईल."

समोरच्या घरात एक शिंपी आणि त्याची बायको राहत. मुलगी तिला मावशी म्हणे. साखर संपली की इकडून तिकडे वाटी जाई, आणि मुलगी तर जेवायला कोणत्या घरी बसेल याचा नेम नसे.

मग दिवस फिरले. भिंतींवर ज्यूंविरुद्धचे हुकूम लागले. चष्मेवाल्याच्या दुकानाला कुलूप लागले. ओळखीची माणसे रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. त्या वर्षी हनुक्काला मला खिडकीत ठेवले नाही. "धोक्याच्या काळात दिवा घरातल्या टेबलावर ठेवला तरी चालतो, असं आपल्या जुन्या जाणत्यांनीच सांगून ठेवलंय," चष्मेवाला म्हणाला. पडदे ओढून, दबक्या आवाजात त्यांनी प्रार्थना म्हटली. सगळा उजेड त्या तीन चेहऱ्यांवर मावला होता.

एका सकाळी त्यांना घर सोडायचा हुकूम आला. हातात मावेल तेवढेच सामान न्यायचे होते. आईने मला टॉवेलात गुंडाळले आणि धावत समोरच्या घरी नेले.

"ताई, हा ठेव. आम्ही आलो की नेऊ."

"अगं, जिवापाड सांभाळीन," मावशी म्हणाली, आणि दोघी गळ्यात पडून रडल्या.

मित्रांनो, तिने खरेच सांभाळले. शिपाई झडतीला आले. एकाने मला फडताळातून ओढून काढले आणि दरडावून विचारले, "हे कोणाचं?" शिंपी भिंतीकडे सरकला. मावशी मात्र पापणी न हलवता म्हणाली, "माझ्या सासूबाईंचा आहे तो." शिपायांनी मला खाली ठेवले. तिच्या त्या खोट्या बोलण्यावरून मी स्वतःला ओवाळून टाकले असते.

पण त्यानंतर ती सगळ्यांनाच तसे सांगू लागली. शेजारणींना, पाहुण्यांना. आधी भीतीने, मग सवयीने. मला चिंच लावून घासू लागली, स्वयंपाकघरातल्या फळीवर मधोमध मांडू लागली. माझ्या वाट्यांत बटणे आणि टाचण्या आल्या. चष्मेवाल्याकडचे कोणी परत येणार नाही, असे सारेच म्हणत होते.

काही वर्षांनी ते हुकूम उठले, आणि ती माणसे परत आली. म्हणजे आई आणि मुलगी आल्या. चष्मेवाला आला नाही. त्यांच्या घरात दुसरे कुटुंब राहत होते, म्हणून त्यांना अंगणापलीकडे तळमजल्यावरची अडगळीची खोली मिळाली. दुसऱ्याच दिवशी त्या जिना चढून आल्या.

"अगं बाई! तू?" मावशीने आईला मिठी मारली. तिचे रडणे खोटे नव्हते. तिने चहा ठेवला. आई बोलत होती, मुलगी इकडेतिकडे पाहत होती. मुलगी आता उंच झाली होती, गाल बसले होते, पण डोळे तेच होते. ते माझ्यावर येऊन थांबले.

"आई! आपला दिवा!"

मावशीचा हात किटलीवरच राहिला. "कुठला गं? तो होय? माझ्या सासूबाईंचा आहे तो."

अगदी त्याच आवाजात, मित्रांनो. पापणी न हलवता.

"मावशी, ती वाकडी वाटी बघ ना. मीच तर पाडला होता."

"जुन्या वस्तू वाकायच्याच, बाळ."

शिंपी सुईत दोरा ओवत होता. तो दोरा काही केल्या ओवला जाईना. मी मनात ओरडत होतो, 'अरे, सांगा कोणीतरी!' आईने माझ्याकडे खूप वेळ पाहिले. मग तिने कप खाली ठेवला. "चहा छान झाला होता, ताई," ती म्हणाली, आणि निघाली.

मावशीने मला दगा दिला, हे दुःख होतेच. पण आई माझ्यासाठी एका शब्दानेही भांडली नाही, हे जास्त झोंबले. जिन्यातून मुलीचा आवाज आला, "तू भांडली का नाहीस?"

"भांडून आणला असता, तर रोज त्याच्यात तिचा चेहरा दिसला असता. आपण गेल्यावर तिच्यावर काय वेळ आली असेल, आपल्याला काय ठाऊक?"

"मग हनुक्काला लावायचं काय?"

"बटाटे आहेत ना!"

आणि खरोखर, हनुक्काच्या पहिल्या संध्याकाळी तळमजल्याच्या खिडकीत कोरलेले दोन अर्धे बटाटे ठेवले गेले, एक पहिल्या दिवसाच्या वातीचा, एक पेटवणाऱ्या वातीचा. त्यांत तेल, शिवणाच्या दोऱ्याची वात. पडदा नाही, दार लोटलेले नाही. मायलेकी मोकळ्या आवाजात प्रार्थना म्हणत होत्या. आईचा आवाज मधेच तुटला, तेव्हा मुलीने पुढचे शब्द उचलले.

मी फळीवरून पाहत होतो. आधी मला राग आला. बटाटे! माझ्या जागी! पण रोज एक वात वाढत गेली, तसा माझा राग बसला. ज्यांचे सगळे काही नेले गेले होते, ती माणसे उघड्या खिडकीत उजेड लावत होती. त्यांना माझी गरज नव्हती. हे कळताना फार दुखले, आणि त्या काळात मला आधार होता तोही याचाच.

आठव्या संध्याकाळी शिंपी म्हणाला, "बघ तरी. सगळे लागलेत."

"मला कामं आहेत," मावशी म्हणाली. पण ती हलली नाही.

काही महिन्यांनी मायलेकी दूरच्या देशी जायला निघाल्या. अंगणात गाडी उभी होती. शिंप्याने मला फळीवरून काढले, बटणे ओतून टाकली आणि मला तिच्यापुढे धरले. "अजून वेळ आहे. देऊन ये."

"आता कशी देऊ?" ती रडत म्हणाली. "तेव्हा नाही म्हटलं ना मी."

खाली गाडीचे दार लागले.

मावशी आता थकली आहे. अजूनही ती मला घासते, पण वात कधी लावत नाही. मित्रांनो, कोणी विश्वासाने काही ठेवायला दिले, तर ते त्याचेच असते, तुम्ही कितीही वर्षे घासले तरी. आणि चुकून एकदा नाही म्हणून बसलात, तरी लाजू नका, वस्तू उचला आणि जिना उतरा. गाडी निघेपर्यंत वेळ असतो. माझ्यासाठी तो जिना कोणी उतरले नाही.