नदी कोणाचं ऐकते

पुलाखालच्या पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यात खालच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात, भगव्या कफनीतले बाबा उभे होते. समोर रोवलेल्या काठीला पाण्याच्या रेषेवर लाल चिंधी बांधलेली. चक्रीवादळ किनारा ओलांडून आत येतंय असं रेडिओ सकाळपासून ओरडून सांगत होता, आणि इकडे बाबा नदीला दम देत होते.

"उतर, बाई. हे गाव माझ्या पंखाखाली आहे. आल्या वाटेने मागे फिर."

आणि नदी उतरली की! आधी चिंधी कोरडी पडली, मग खालची ओली काठी दिसायला लागली, मग बुडालेली एक अख्खी पायरी शेवाळासकट वर आली. लोकांनी तोंडात बोटं घातली. शिंप्याला रडू फुटलं. बेकरीवाला म्हणाला, "याला म्हणतात अधिकार." त्या घटकेपासून ते ओहोटीबाबा झाले. या गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण ओहोटी मात्र घरपोच मिळाली.

पुलाच्या कठड्याला धरून एकच माणूस गप्प उभा होता. हा धरणावरचा ओव्हरसियर. नदी का उतरली ते त्याला ठाऊक होतं, कारण ती त्यानेच उतरवली होती. वादळाचा पाऊस साठवायला जागा हवी म्हणून आदल्या दिवसापासून धरण रिकामं करणं चाललं होतं. दुपारी दरवाजांच्या साखळ्या तपासायला थोडा वेळ ते बंद केले. वरचं पाणी गावात पोचायला तासभर लागतो, तसंच तुटायलाही तासभर. पण बाबांना ही वेळ कशी कळली? तेही त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याचं तोंड शिवल्यासारखं झालं होतं.

काल न्हाव्याच्या दुकानात शेजारच्या खुर्चीवर बाबा दाढी कोरून घेत होते. "साहेब, नदी म्हणे तुमचं ऐकते?" त्यांनी आदराने विचारलं. इतक्या वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं. ओव्हरसियर हरभऱ्याच्या झाडावर चढला. दरवाजे किती वाजता बंद होणार, कधी उघडणार, पाणी गावात कधी पोचणार, सगळं घडाघडा सांगून बसला. बाबा नुसते "वा, वा" म्हणत होते.

गंमत म्हणजे वादळाची पहिली सभा ओव्हरसियरनेच घेतली होती. नगरपालिकेने धोक्याप्रमाणे गावाचे पट्टे पाडले होते, आणि आधी रिकामी करायच्या, नदीकाठच्या सखल बोळातल्या घरांच्या दारांवर लाल खुणा केल्या होत्या. लोक चिडले. "समुद्र कुठे, आपण कुठे? वादळ काय बसचं तिकीट काढून येणार आहे?" तेव्हा त्यानेच समजावलं होतं की वारा जमिनीवर दमतो, पाऊस दमत नाही. तो डोंगरावर पडतो आणि नदीतून आपल्या दारात येतो. लोकांना जेमतेम पटलं होतं, तोवर बाबांनी सांगितलं की लाल खूणच वादळाला बोलावते, पुसून टाका.

बाबांनी वर पाहिलं. "साहेब, तुम्ही तर जाणकार. सांगा सगळ्यांना, नदी उतरली की नाही?"

सगळ्या माना वळल्या. खालच्या पायऱ्यांवर त्याची धाकटी बहीण होती. औषधं, कागदपत्रं, बॅटरी, प्यायचं पाणी असं सगळं पिशवीत भरून ती लाल खुणांच्या घरांतल्या लोकांना न्यायला पुलावर आलेल्या बसकडे निघाली होती, ती गर्दीत इथेच थांबली होती. घरात अंथरुणाला खिळलेली सासू.

"उतरली," तो म्हणाला.

शब्द खरा होता. त्याच्यापेक्षा मोठं खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता. बसमध्ये चढलेले लोक हसत खाली उतरले.

तो बहिणीच्या मागे बोळात गेला. ती रॉकेलच्या बोळ्याने दारावरची खूण घासत होती. रंग निघता निघत नव्हता.

"राहू दे ती," तो म्हणाला.

"का? तूच म्हणालास ना. बाबांचं मी एवढं मनावर घेत नाही, दादा. पण तू म्हणालास म्हणजे झालं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच पायरीवर बसून त्याने तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग हातातला बोळा तिने त्याच्या पायाशी टाकला.

"त्याला वेळ सांगितलीस. मला का नाही सांगितलीस?"

तो पायरीवरून उठला. दोघं धावत पुलावर आले आणि त्याने बसच्या कंडक्टरकडून कर्णा घेतला.

"नदी बाबांनी नाही उतरवली. मी दरवाजे बंद केले होते. आणि वेळ त्यांना मीच सांगितली, बढाई मारायला."

"बाबांचं श्रेय लाटतोय," शिंपी म्हणाला. "मघाशी तर 'उतरली' म्हणालास."

"मघाशी भ्यालो होतो. आता सगळे वर या. डोंगरात पाऊस झालाय, सगळे दरवाजे कधीच उघडलेत आणि पाणी वाटेत आहे. काठी तिथेच राहू द्या. बाबांनी नदीला थोपवून दाखवावं."

पुलावरचा पुराचा भोंगा वाजला. बाबा म्हणाले, "नदी माझ्या शब्दाबाहेर नाही," आणि एक पायरी वर सरकले. पाणी गढूळ झालं, चिंधीला लागलं, चिंधी बुडाली. बाबा आणखी दोन पायऱ्या वर. नदीला उतर म्हणणारा माणूस स्वतः भराभर चढत होता. शेवटी काठी उन्मळून वाहून गेली तेव्हा लोकांनी बाबांना शोधलं, तर ते पहिल्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट धरून बसलेले. कोणी हसलं नाही. बोळातून बहिणीची सासू खुर्चीत बसवून आणायची होती, आणि हात कमी पडत होते.

त्या रात्री बोळात दाराच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत पाणी चढलं. बसवाल्यांनी लाल खुणा बघत बघत घरं रिकामी केली होती. ज्या दारावर खूण नव्हती ते त्यांनी ठोठावलं नाही. तिथे एकटा राहणारा छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा सकाळी पोटमाळ्यावर सापडला. जिवंत होता, पण तापाने फणफणलेला आणि पाय मोडलेला.

ओव्हरसियर दवाखान्यात गेला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण म्हाताराच आधी बोलला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

"मी बाबाच्या नादी नव्हतो लागलो, साहेब. तुम्ही उतरली म्हणालात, म्हणून खूण पुसली."

आता दर वादळाआधी ओव्हरसियर स्वतः रंगाचा डबा घेऊन बोळात फिरतो. बहीण दार उघडते, चहा देते, जास्त बोलत नाही. तो प्रत्येक घरी तेच सांगतो. पिशवी भरून ठेवा, खूण पुसू नका, बस आली की चढा. आणि डोळ्यांसमोर पाणी उतरलं तरी हात जोडण्याआधी विचारा, वर दरवाजा कोणी लावला, आणि तो पुन्हा कधी उघडणार. बाबाला विचारा, मला विचारा. मी नुसतं "उतरली" म्हणालो, तर दारातून हलू देऊ नका मला.