उरलेली हवा

धाकटा गेल्यापासून घरात त्याच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आईनं एकदाच, मातीहून परतल्यावर, थोरल्याला म्हटलं होतं, "तूच नेलंस त्याला त्या कामावर." खोटं काहीच नव्हतं त्यात. विमानांच्या चाकांच्या वर्कशॉपमध्ये धाकट्याला थोरल्यानंच चिकटवलं होतं, टायरची झीज कशी ओळखायची, चिरेची खोली कशी मोजायची हेही त्यानंच शिकवलं होतं. त्यामुळे तो मूग गिळून बसला. दोघं मायलेक एकाच छपराखाली परक्यासारखे वागू लागले.

एका दुपारी धाकट्याची बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, मला तुमच्या वर्कशॉपमध्ये घेऊन चला."

"कशाला?"

"ऑफिसातले साहेब म्हणाले, तांत्रिक कारण. शेजारी म्हणतात, घाई नडली. तुम्ही तर काहीच म्हणत नाही. मी कुणाचं धरून बसू?"

कधीतरी हा प्रश्न दारात उभा राहणार हे थोरल्याला ठाऊक होतं. टाळता येईल तितकं त्यानं टाळलं होतं.

फोरमनची परवानगी काढून तो तिला घेऊन गेला. रबराच्या आणि वंगणाच्या वासानं ती दारातच थबकली. नवऱ्याच्या शर्टांना हाच वास यायचा. आत भिंतीला टेकून चाकं उभी होती, तिच्या छातीपर्यंत पोचणारी. एका टायरचं रबर झिजून आतलं कापड दिसत होतं.

"लोकांना पंखच दिसतात, पाय कुणी बघत नाही, असं म्हणायचे ते," ती म्हणाली.

"येईल त्याला ऐकवायचा." थोरल्याच्या तोंडावर क्षणभर हसू आलं नि विरलं.

त्यानं तिला उघडलेलं चाक दाखवलं. चाक एकसंध नसतं, दोन अर्धे भाग बोल्टांनी आवळलेले असतात. विमानानं जोरात ब्रेक मारला की चाक तापतं, कधी एखाद्या बोल्टला बारीक भेग जाते. ती बाहेरून दिसत नाही. वर आसाचा मोठा नट बसलेला असतो, तो दोन्ही भाग धरून ठेवतो. म्हणून विमानाखाली चाक उतरवताना, नट काढण्याआधी टायरमधली हवा सगळी सोडायची, हा नियम.

"सोडली नव्हती?"

"सोडली होती." थोरल्यानं व्हॉल्ववर बोट ठेवलं. "पण हवा जोरात सुटली की व्हॉल्व गारठतो. आत ओल असली तर बर्फाचा खडा बसतो. आवाज थांबतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, टायर रिकामं झालं. आत निम्मी हवा तशीच."

"आणि नट निघाला."

"नट निघाला. भेगाळलेल्या बोल्टांना तो जोर पेलला नाही, चाक फुटलं."

तिनं त्या दोन अर्ध्या भागांना हात लावून पाहिला. मग म्हणाली, "तो हवेचा आवाज मला ऐकायचाय."

जाड जाळीच्या पिंजऱ्यात एक चाक ठेवलेलं होतं. थोरल्यानं नळी जोडून बाहेरूनच हवा सोडली. फुत्कार भिंतींवर आदळला, हळूहळू बारीक झाला आणि थांबला. ती श्वास रोखून उभी. थोरल्यानं थोडं थांबून दाब मोजायचं गेज लावलं, व्हॉल्व पुन्हा उघडून पाहिला. काही नाही. टायर खरंच रिकामं होतं.

"बर्फ झालाच नाही," ती म्हणाली.

"होत नाही. वर्षानुवर्षं होत नाही. म्हणून तर माणूस कानावर विसंबतो."

"मग त्यांची चूक होती?"

खोटं बोलणं सोपं होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"थांबून पुन्हा तपासायला हवं होतं. तेवढी होती. बोल्टची भेग त्याची नव्हती."

तिनं मान हलवली. डोळे भरून आले, पण वळताना तिनं पदरानं नुसता चेहरा पुसला. "एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. इतके दिवस कुणी म्हणे नशीब, कुणी म्हणे निष्काळजी. त्यात माझा माणूस कुठं सापडेना."

घरी आल्यावर तीच सासूपाशी बसली आणि जे ऐकलं ते सगळं, बोल्ट, नट, व्हॉल्व, एकेक करून सांगितलं. थोरला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. शेवटी आईनं त्याच्याकडे मान वळवली.

"तू कुठं होतास?"

"पलीकडच्या विमानाखाली. आवाजासरशी धावलो."

"त्याला दुखलं का रे?"

"नाही आई. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. त्याला कळलंही नसेल."

आई तोंडावर हात धरून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोरला खाली त्यांच्याजवळ येऊन बसला. त्याला कुणी उठवलं नाही.

डोळे पुसून आईनं विचारलं, "उद्या कामावर आहेस?"

"आहे."

"सकाळी न बोलता सटकू नकोस. मला उठव, आणि येतो म्हणून जा."